१०० डिग्रीची फिल्म, मिठाचं पाणी आणि ०.४ मिलीमीटरची फट

हे प्रकरण आमच्याच टीमचं. टीम कुठली, क्लायंट कोण, प्रॉडक्टचं नाव काय हे सगळं काढून टाकलंय, तांत्रिक भाग तेवढा ठेवलाय. सिल्व्हर नॅनोपार्टिकल इंकवर काम करणाऱ्या दोन-तीन जणांनी विचारलं होतं की नेमकं काय झालं होतं, म्हणून एकदाच सगळं लिहून काढतोय.

पार्श्वभूमी

काम ऐकायला सोपं होतं. कॅमेऱ्यासमोरच्या काचेवर धुकं धरतं, ते घालवायला एक पारदर्शक हीटर हवा होता. पातळ पीईटी (पाण्याच्या बाटल्यांचं असतं ते प्लास्टिक) फिल्मवर इंकजेटने चांदीच्या दहा बारीक रेघा छापायच्या, प्रत्येक ३० मिलीमीटर लांब आणि साधारण ६० मायक्रॉन रुंद, दोन्ही टोकांना जाड पट्टी, फिल्म काचेच्या आतून चिकटवायची आणि ५ व्होल्ट द्यायचे. टार्गेट रेझिस्टन्स १० ओहम, म्हणजे अडीच वॉट. रेघांमध्ये ३ मिलीमीटर अंतर, त्यामुळे झाकली जाणारी जागा फक्त २ टक्के. फिल्म लेन्सच्या इतकी जवळ असते की रेघा फोकसमध्ये येतच नाहीत, उजेड किंचित कमी होतो एवढंच.

इंक पाण्यातली घेतली होती, चांदीचे कण काही डझन नॅनोमीटरचे, आणि कण एकमेकांना चिकटू नयेत म्हणून प्रत्येकाभोवती पॉलिअॅक्रिलिक अॅसिडचं वेष्टन. हे वेष्टन या गोष्टीतलं मुख्य पात्र आहे. बाटलीत असताना ते हवंच, नाहीतर कण गोळा होऊन नोझल बंद करतात, पण छापून झाल्यावर तेच दोन कणांच्या मधे भिंतीसारखं उभं राहतं आणि करंट जाऊ देत नाही. ते बाजूला काढून कण एकमेकांत जोडायचे, याला सिंटरिंग म्हणतात. चांदी वितळते ९६२ डिग्रीला, पण एवढ्या बारीक कणांचा पृष्ठभाग आकारमानाच्या मानाने प्रचंड असतो, पृष्ठभागावरचे अणू सहज सरकतात, म्हणून न वितळता खूप कमी तापमानाला कण एकमेकांना जोडले जातात. अट एकच, मधली भिंत गेली पाहिजे.

आणि आमची फिल्म पीईटी. तिचं ग्लास ट्रान्झिशन, म्हणजे प्लास्टिक मऊ पडायला लागतं ते तापमान, ७०-८० डिग्रीच्या आसपास, त्याच्या फार वर नेलं की ती आकसते, वळते. आम्ही १०० डिग्रीवर ३० मिनिटं ठरवली. का १००? खरं सांगायचं तर आकडा गोल होता आणि पहिल्या दिवशी फिल्म वाकडी झाली नाही म्हणून.

अडचण

पहिले वीस तुकडे आले आणि रेझिस्टन्स ३१ ते ४८ ओहम. हवा होता १०. तिपटीपेक्षा जास्त तर होताच, पण त्याहून वाईट म्हणजे एका शीटवरचे शेजारशेजारचे दोन तुकडेसुद्धा जुळत नव्हते. नुसता जास्त असता तर रेघा जाड केल्या असत्या, पण इकडेतिकडे उडणाऱ्या आकड्याचं काय करणार.

शुद्ध चांदीची रेझिस्टिव्हिटी (रेघेच्या लांबी-जाडीशी संबंध नसलेला, पदार्थाचा स्वतःचा अडथळा) १.६ मायक्रोओम-सेंटीमीटरच्या आसपास असते. आमच्या हिशोबात त्याच्या पाचपट चालणार होती, छापील चांदीला तेवढी सूट द्यावीच लागते. आमची येत होती पंधरा ते चोवीस पट.

आधी चुकीच्या जागी शोधलं

पहिला संशय इंकवर. बाटली महिन्याभराची होती, कोणीतरी म्हणालं कण गोळा झाले असतील, आणि मग दोन आठवडे आम्ही त्या बाटलीच्याच मागे. नवीन बाटली मागवली, गाळली, अल्ट्रासॉनिक बाथमध्ये हलवली, काही फरक नाही. शेवटी टेस्टिंग बघणाऱ्या मॅडमनी इंकचा एक थेंब भरपूर पाण्यात टाकला, पाणी छान पिवळं झालं, आणि स्पेक्ट्रोमीटरवर शोषणाचा उंचवटा ४०० नॅनोमीटरच्या जवळच, अरुंद, नीटस. सुटे, बारीक, गोल चांदीचे कण असेच दिसतात. गोळा झाले असते तर उंचवटा पसरून लाल बाजूला सरकला असता आणि पाणी करडं दिसलं असतं. पंधरा मिनिटांचं काम. ते पहिल्या दिवशी केलं असतं तर दोन आठवडे वाचले असते, पण आम्हाला बाटली बदलणं जास्त "काम केल्यासारखं" वाटत होतं.

दुसरा घोळ मोजण्यातला. ओव्हनमधून तुकडा काढला की आमचा एक मुलगा लगेच मल्टिमीटर लावायचा, दुसरा चहा पिऊन आल्यावर लावायचा. चांदीचा रेझिस्टन्स दर डिग्रीला जवळपास ०.३८ टक्के वाढतो, म्हणजे तुकडा ५० डिग्रीने गरम असेल तर १९ टक्के फरक तिथेच. वर मल्टिमीटरच्या टोकदार पिना चांदीवर चरे पाडत होत्या ते वेगळंच. मग नियम केला, तुकडा वीस मिनिटं टेबलावर गार करायचा, चार तारांनीच मोजायचं (म्हणजे तारांचा स्वतःचा रेझिस्टन्स आकड्यात येत नाही) आणि पिना फक्त जाड पट्टीवर ठेवायच्या. आकड्यांचा पसारा थोडा आवरला, संपला नाही.

मायक्रोस्कोपखाली काय दिसलं

तिसऱ्या आठवड्यात कोणीतरी रेघ आडवी मोजली, म्हणजे प्रोफाइलोमीटरची सुई रेघेवरून आरपार फिरवली. स्क्रीनवर आलं ते दोन शिंगं आणि मधे खड्डा. कडा पाऊण मायक्रॉनच्या वर आणि मधला भाग जेमतेम ०.१. कॉफीचा थेंब टेबलावर वाळला की कडेला काळं वर्तुळ उरतं ना, तेच. कारणही तेच, कडेला पाणी जास्त वेगाने उडतं, ते भरून काढायला आतून द्रव कडेकडे वाहतो आणि जाताना कण घेऊन जातो. डीगन आणि सहकाऱ्यांनी हे १९९७ साली 'नेचर'मध्ये मांडलंय, प्रिंटिंग करणाऱ्या प्रत्येकाला तोंडपाठ असतं, आम्हालाही होतं, आणि तरी तीन आठवडे कोणी सुई फिरवली नाही.

इथे आमच्यात एक चांगला वाद झाला. प्रिंटिंग बघणारा म्हणाला, "अरे, चांदी तेवढीच आहे, कडेला गेली काय नि मधे राहिली काय, क्रॉस-सेक्शनचं क्षेत्रफळ तेच, मग रेझिस्टन्स का वाढेल?" बरोबर मुद्दा. उत्तर मिळायला मायक्रोस्कोपची मोठी लेन्स लावावी लागली. जाड कडांना आडव्या भेगा होत्या, उन्हात वाळलेल्या तळ्याच्या मातीसारख्या, दर काही मायक्रॉनवर एक. कणांचा थर ठराविक जाडीच्या वर गेला की वाळताना तडकतो. म्हणजे निम्म्याहून जास्त चांदी कडेला, कडा तुटलेल्या, आणि सगळा करंट मधल्या पापुद्र्यातून. भेगा किती आणि कुठे हे प्रत्येक तुकड्यात वेगळं, म्हणून आकडे उडत होते.

आणि हे आम्हीच ओढवून घेतलं होतं. सुरुवातीला रेघा जागोजागी फुगत होत्या, म्हणून प्रिंटरची पाटी ६० डिग्रीला तापवली होती, थेंब पडल्यापडल्या वाळावा म्हणून. फुगवटे गेले. पण पाटी जितकी गरम तितकी कडेची धाव जास्त. एक दुखणं घालवताना दुसरं आणलं आणि त्या दिवशी फक्त पहिलं गेलेलं दिसलं.

म्हणजे भानगडी दोन होत्या, कडा तडकत होत्या आणि १०० डिग्रीला कणांमधलं वेष्टन जागचं हलत नव्हतं.

पर्याय

वेष्टनासाठी बसून पर्याय काढले. पॉलिइमाइड फिल्म घेतली तर २५० डिग्रीपर्यंत बिनधास्त तापवता येते, पण नेहमीची पॉलिइमाइड पिवळी-केशरी असते, कॅमेऱ्यासमोर ती लावणार कोण. पीईएन, पीईटीचीच जवळची बहीण, थोडी वरचढ, ग्लास ट्रान्झिशन १२० च्या आसपास, पण मग चिकटवण्यापासून सगळं पुन्हा पास करून घ्यावं लागलं असतं. झेनॉन फ्लॅशने मिलिसेकंदात फक्त चांदी तापवता येते, फिल्मला कळायच्या आत काम होतं, मला स्वतःला हाच पर्याय सगळ्यात आवडलेला, पण मशीन नव्हतं आणि आमच्या रेघांची जाडी एवढी वरखाली होती की शिंगं उडून गेली असती. कण नसलेली, सिल्व्हर अॅसिटेट आणि अमोनियाची रिअॅक्टिव्ह इंकही असते, २०१२ मध्ये वॉकर आणि लुईस यांनी दाखवली, ९० डिग्रीला जवळपास अस्सल चांदीइतकी कंडक्टिव्हिटी देते. पण प्रिंटहेड नव्याने सेट करायचं म्हणजे आणखी महिना.

सगळ्यात सोपा वाटला तो जास्त वेळ तापवण्याचा, १४० डिग्रीला चार तास. हीट-स्टॅबिलाइज्ड पीईटी आणली, ती आधीच आकसवून घेतलेली असते. रेझिस्टन्स उतरला, आम्ही खूश. मग मॅडमनी तुकडा दिव्यासमोर धरला तर फिल्म दुधाळ. आधी वाटलं इंकची वाफ बसली. जिथे काही छापलंच नव्हतं त्या कोपऱ्यावर त्यांनी बोट फिरवलं तर बोटाची स्वच्छ रेघ उमटली, आणि बोटावर काही लागल्यासारखं दिसेचना. पीईटीमध्ये छोटे अर्धवट रेणू उरलेले असतात, ऑलिगोमर म्हणतात, जास्त वेळ तापवलं की ते पृष्ठभागावर येऊन बारीक स्फटिक धरतात. नुसता हीटर बनवायचा असता तर चाललं असतं, ऑप्टिकल कामाला नाही.

पहिला उपाय: मिठाचं पाणी

राहिला क्लोराइडचा, म्हणजे मिठातल्या आयनचा पर्याय. जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठातल्या मॅगडासींच्या गटाने २०१०-११ च्या सुमारास दाखवलंय की अशा वेष्टनाच्या कणांना क्लोराइड आयन भेटले की ते वेष्टनाला चांदीवरून ढकलून स्वतः जागा घेतात आणि कण खोलीच्या तापमानालाच एकमेकांत मिसळतात.

लॅबमधलं शुद्ध सोडियम क्लोराइड घेतलं, पातळ द्रावण केलं, वाळलेली फिल्म त्यात बुडवली. हे बघण्यासारखं असतं. रेघा आत जाताना तपकिरी-करड्या, आणि द्रावणात असतानाच कडेकडून रंग पालटत जातो, काही सेकंदात मंद पांढुरकी चमक येते, भांड्याला नवीन कल्हई लागावी तशी. बाहेर काढून टिपली, वाळवली, मोजली तर १२ ते १९ ओहम. ओव्हन न लावता. त्या दिवशी लॅबमध्ये जो तो आपापला तुकडा बुडवून बघत होता.

इथे आमचा सगळ्यात मोठा निर्णय झाला, आणि तो निर्णय म्हणून झालाच नाही. टीम लीड म्हणाले, "चला, आता क्लायंटला आठ तुकडे देऊ, तोपर्यंत ह्युमिडिटी टेस्ट सुरू करू." कोणी थांबवलं नाही. मीही नाही. आकडा इतके दिवस छळत होता की तो खाली आला म्हणजे काम झालं असंच सगळ्यांना वाटत होतं.

मग उलटलं

ह्युमिडिटी टेस्ट म्हणजे ६० डिग्री, ९० टक्के आर्द्रता आणि ५ व्होल्ट चालू. आमच्याकडचेही आठ तुकडे ठेवले. दुसऱ्या दिवशी सकाळी तीन तुकडे शॉर्ट. रेघा तुटल्या नव्हत्या, उलट फिल्मच्या शेपटीत जिथे प्लस आणि मायनसच्या दोन पट्ट्या कनेक्टरकडे शेजारून जातात तिथे करंट आडवा जात होता. त्या दोघींमधली फट ०.४ मिलीमीटर.

मायक्रोस्कोपखाली ठेवलं तर मायनसच्या पट्टीतून नेच्याच्या पानासारखी झाडं उगवलेली, फांदीला फांदी, काळपट, आणि टोकं प्लसला टेकलेली. चांदीचा हा जुना रोग आहे. ओलावा आणि व्होल्टेज मिळालं की प्लसकडची चांदी आयन होऊन विरघळते, पाण्याच्या पातळ थरातून मायनसकडे जाते, तिथे पुन्हा धातू होऊन बसते आणि तिथून उलट प्लसच्या दिशेने वाढत येते. तांब्यापेक्षा चांदीला हे खूप सहज जमतं.

सगळ्यांनी मिठाकडे बोट दाखवलं, साहजिकच. मीठ ओलावा धरतं, त्या ओलाव्यातून आयन सहज पळतात, आणि आम्ही तुकडे बुडवल्यावर नुसते टिपले होते, धुतले नव्हते. क्लायंटला फोन करून आठही तुकडे परत मागवले. तो फोन लीडनी स्वतः केला आणि कारण सरळ सांगितलं. याचा पुढे फायदाच झाला, कारण त्यांनी टेस्टसाठी आणखी वेळ दिला.

दुसरी फेरी

यावेळी घाई केली नाही. तीन गट केले: मीठ लावून न धुतलेले, मीठ लावून डिआयनाइज्ड (आयन काढून टाकलेल्या) पाण्यात धुतलेले, आणि मीठ न लावलेले जुने १०० डिग्रीचे. धुण्याला मोजमाप लावलं, धुतल्यानंतरच्या पाण्यात कंडक्टिव्हिटी मीटर बुडवायचा आणि आकडा ताज्या पाण्याच्या जवळ येईपर्यंत पाणी बदलत राहायचं.

न धुतलेले सगळ्यात आधी गेले, अपेक्षेप्रमाणे. धुतलेले बरेच टिकले. पण मीठ कधी न लागलेले तुकडेही शेवटी शॉर्ट झालेच, धुतलेल्यांच्याच सुमारास. म्हणजे मिठाने वेग वाढवला, रोग आधीपासून होता. खरी गडबड त्या ०.४ मिलीमीटरमध्ये, आणि ती फट कुठून आली? पहिल्या दिवशीच्या ड्रॉइंगमधून, कारण हाताशी असलेल्या कनेक्टरचं अंतर तेवढं होतं. त्यानंतर ड्रॉइंगच्या नऊ आवृत्त्या झाल्या, रेघांची रुंदी बदलली, थेंबांमधलं अंतर बदललं, शेपटीकडे एकदाही कोणी बघितलं नाही.

मग एकेक गोष्ट बदलली, एका वेळी एकच. शेपटीत प्लस-मायनस लांब नेले, फट २.५ मिलीमीटर, कनेक्टर बदलला. शेपटीवर संरक्षक थर दिला. काचेला लावायचा पारदर्शक गोंद अॅसिड-फ्री घेतला, कारण गोंदातलं अॅसिड चांदीला हळूहळू खातं. प्रिंटरची पाटी ६० वरून ३० डिग्रीला आणली आणि रेघा पुन्हा फुगू नयेत म्हणून थेंबांमधलं अंतर थोडं वाढवून दोन पातळ थर दिले, पहिला वाळल्यावर दुसरा. इंकमध्ये एथिलिन ग्लायकॉलचं प्रमाण वाढवलं. त्याचा उकळबिंदू १९७ डिग्री आणि पृष्ठताण पाण्यापेक्षा कमी, त्यामुळे कडेला पाणी उडून ग्लायकॉल उरलं की तिथला ताण कमी होतो आणि वरचा थर कडेकडून मधे ओढला जातो, कॉफीच्या डागाच्या उलट. सुई फिरवली तर शिंगं जाऊन बुटकी टेकडी आली. सगळे अर्धा मिनिट त्या टेकडीकडे बघत बसले होते.

मिठाची पायरी ठेवली, पण धुणं सक्तीचं. त्यानंतर ९० डिग्रीला थोडा वेळ, फक्त पाणी काढायला.

निकाल

तुकडे ९.५ ते १०.५ ओहममध्ये यायला लागले. फिल्म काचेसारखी स्वच्छ. बारा तुकडे ६० डिग्री आणि ९० टक्के आर्द्रतेत ५०० तास ठेवले, एकही शॉर्ट नाही, रेझिस्टन्स ४ टक्क्यांच्या आत हलला.

दोन गोष्टी राहिल्या. काही तुकड्यांत रेघांच्या बाजूला बारीक शिंतोडे होते, मुख्य थेंबामागून येणारे छोटे उपथेंब, आणि समोर दिवा असला की त्याभोवती तेज पसरायचं. प्रिंटहेडचं व्होल्टेज कमी करून थेंबाचा वेग उतरवल्यावर बरेचसे गेले, सगळे नाहीत. आणि शेपटी कनेक्टरजवळ घट्ट दुमडली तर चांदी तडकते. त्यावर आम्ही सध्या फक्त "दुमडू नका" असं लिहिलंय, जे उत्तर म्हणून मला फारसं पटत नाही.

वेगळं काय करता आलं असतं

ह्युमिडिटी टेस्ट रेझिस्टन्स वाईट असतानाच लावायला हवी होती. चांदी झाडं धरणार की नाही हे कळायला १० ओहमचा चांगला तुकडा लागत नाही, ४८ ओहमचा टाकाऊ तुकडाही पुरतो, आणि टाकाऊ तुकडे आमच्याकडे ढिगाने होते. त्याहून सोपं म्हणजे फटीवर शुद्ध पाण्याचा एक थेंब ठेवायचा, ५ व्होल्ट द्यायचे आणि मायक्रोस्कोपमधून बघत बसायचं. नंतर आम्ही ते केलं. जुन्या ०.४ मिलीमीटरच्या शेपटीत काही मिनिटांत झाड डोळ्यांदेखत वाढत गेलं. ही खऱ्या टेस्टची जागा घेत नाही, थेंबाखालची परिस्थिती फारच कडक असते, पण ड्रॉइंगमध्ये कुठे बघायचं हे ती दहा मिनिटांत सांगते.

क्लोराइडवर अजूनही टीममध्ये दोन मतं आहेत. प्रिंटिंगवाला म्हणतो, कडा आधी सुधारल्या असत्या तर १२० डिग्रीला थोडा जास्त वेळ देऊन बिनमिठाचंही जमलं असतं आणि धुण्याची भानगड वाचली असती. मॅडम म्हणतात तेवढ्या वेळात ऑलिगोमर वर आलेच असते. हे कोणी करून बघितलेलं नाही, फिल्मचा अर्धा रोल शिल्लक आहे आणि ओव्हन पुढच्या आठवड्यात मोकळा होतोय, त्यामुळे बघू.